जुना झाला की जुना केला?

आमच्या महाविद्यालयातील मराठी विभागाच्या लोखंडी कपाटात सात टॅब्लेट आहेत. २०१४ साली एका अनुदानातून ते विभागाला मिळाले. सातांपैकी पाच आजही चालू होतात. काच शाबूत आहे, बॅटरी दोनेक तास टिकते, आवाज स्वच्छ येतो. गेल्या वर्षी एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी ते पुन्हा बाहेर काढले. हेतू साधा होता : विद्यार्थी सोळा, ग्रंथालयात संदर्भग्रंथाची प्रत एक, आणि जालावर त्याच विषयावरचे पुष्कळ साहित्य विनामूल्य उपलब्ध. वाचनाचे ॲप उतरवू लागलो तर हे उपकरण सुसंगत नसल्याची सूचना आली. ब्राउझरमधून एक साधे संकेतस्थळ उघडले तर संपर्क सुरक्षित नसल्याचा इशारा आला. शेवटी विक्रेत्याला फोन केला. त्याने मोठ्या आपुलकीने सांगितले, "सर, ते आता जुने झाले. सपोर्ट संपला त्यांचा. नवीन घ्या, एक्स्चेंजमध्ये बघू काहीतरी."

विक्रेत्याचा यात दोष नाही. तो वरून आलेले वाक्य खाली पोचवत होता. मात्र वर्गात प्रयोग आणि क्रियापदे शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने हे वाक्य तसेच गिळू नये. 'जुने झाले', 'संपला'. दोन्ही क्रियापदे अकर्मक आहेत. आंबा पिकला, पाऊस थांबला, तेल संपले, तसा सपोर्ट संपला. जणू निसर्गक्रमच. पण सपोर्ट काही झाडाला लागत नाही. कुठल्या तरी कार्यालयात काही माणसांनी एक तारीख ठरवली आणि त्या तारखेनंतर या टॅबकडे पाहायचे नाही असे नक्की केले. प्रामाणिक वाक्य 'आम्ही सपोर्ट संपवला' असे हवे. 'संपणे' आणि 'संपवणे' यांत जो फरक आहे, त्यावरच या लेखाचा सारा वाद उभा आहे. वस्तू जुनी होते हे कोण नाकारील? ती जुनी केली जाते तेव्हा मात्र कर्त्याचे नाव विचारले पाहिजे.

आधी टॅब 'जुना' होतो म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. कारण तांत्रिक बाब म्हटली की आपण साहित्याची माणसे हात वर करतो, आणि त्याचाच फायदा घेतला जातो. आमच्या टॅबवर संकेतस्थळ उघडले नाही, ते कशामुळे? प्रत्येक उपकरणात विश्वासार्ह मानलेल्या प्रमाणपत्रांची एक यादी असते. कोणतेही सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटवताना या यादीतील कोणाची तरी साक्ष काढते. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था कोट्यवधी संकेतस्थळांना अशी प्रमाणपत्रे फुकट देते. ॲन्ड्रॉइडच्या ७.१.१ पूर्वीच्या आवृत्त्यांतील यादीत या संस्थेचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र नाही. अशा उपकरणांसाठी संस्थेने केलेली पर्यायी व्यवस्था ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुदत भरून बंद झाली. म्हणजे टॅबची काच झिजली नाही, चिप मंदावली नाही. यादीत एक नाव घालायचे राहिले. त्या नावाचा आकार सुमारे दोन किलोबाइट, एखाद्या छोट्या पत्राएवढा. तेवढे पत्र पाठवायचे नाही असे ठरले, म्हणून चालता टॅब कपाटात गेला.

पत्र कोणी पाठवायचे, हा प्रश्न विचारला की टोलवाटोलवी सुरू होते. ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती गूगल काढते. ती विशिष्ट चिपवर चालण्यासाठी चिप बनवणाऱ्याने आपले ड्रायव्हर सुधारून द्यावे लागतात. मग टॅब बनवणाऱ्याने ते सगळे जुळवून, तपासून ग्राहकापर्यंत पोचवायचे. तिघांपैकी एकाने हात आखडला की साखळी तुटते आणि प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. बरे, आपणच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चढवावी म्हटले, तर अनेक उपकरणांना निर्मात्याने कुलूप घातलेले असते. ज्यांचे कुलूप उघडते, त्या कितीतरी जुन्या फोनांवर आणि टॅबांवर लिनिएजओएस या प्रकल्पातील स्वयंसेवक नवी आवृत्ती चालवून दाखवतात. पगार न घेता काम करणाऱ्यांना जे जमते, ते अब्जावधींची उलाढाल असणाऱ्यांना जमत नाही, हे पटण्यासारखे नाही.

आणि जमते, हे त्यांनीच सिद्ध केले आहे. ॲन्ड्रॉइडच्या जगात दीड-दोन वर्षांची अपडेट हीच कित्येक वर्षे रीत मानली जात होती. २०२३ साली गूगलने पिक्सेल ८ या फोनासाठी सात वर्षांचे आश्वासन दिले. पुढच्याच वर्षी सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ साठी तेच केले. इतके दिवस जी तंत्रज्ञानाची मर्यादा म्हणून सांगितली गेली, ती धोरणाची मर्यादा होती, हे यातून उघड होते. मात्र ही सात वर्षे महागड्या फोनांच्या वाट्याला आली. शाळा-महाविद्यालयांच्या निविदांत सर्वांत कमी दर भरून जे टॅब येतात, ते या औदार्याच्या बाहेरच राहिले.

या चालीचा इतिहास जुना आहे. १९२४ साली जिनिव्हात विजेचे दिवे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी फीबस नावाचा संघ स्थापन केला आणि दिव्याचे आयुष्य हजार तासांपर्यंत खाली आणले. जास्त टिकणारे दिवे बनवणाऱ्या सभासदाला दंड होई. १९३२ साली अमेरिकेत बर्नार्ड लंडन नावाच्या गृहस्थाने मंदीवर उपाय म्हणून एक पुस्तिका लिहून सुचवले, की वस्तूंची आयुर्मर्यादा सरकारनेच कायद्याने ठरवून द्यावी. कल्पना भयंकर होती, पण निदान त्यात मरणाची तारीख वस्तू विकत घेतानाच कळली असती. आज ती तारीख असते, फक्त खोक्यावर छापलेली नसते.

आता हे प्रकरण आपल्या अंगणात कसे घडले ते पाहू. अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधोमध पवईला आयआयटी आहे. 'आकाश' या स्वस्त टॅब्लेटच्या सरकारी प्रकल्पाची सूत्रे २०१२ मध्ये तिच्याकडे आली. पहिला 'आकाश' ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत मोठ्या गाजावाजात प्रकाशित झाला होता. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता, आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती ग्रंथालय देण्याची भाषा सुरू होती. त्यावर ॲन्ड्रॉइडची २.२ ही आवृत्ती होती. या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे जुळवण्याची सोय मुळातच नव्हती. ती सोय ज्या ४.० आवृत्तीत आली, ती गूगलने त्याच महिन्यात, पहिल्या 'आकाश'नंतर दोनच आठवड्यांनी जाहीर केली. म्हणजे भारतीय विद्यार्थ्यांचा म्हणून मिरवलेला टॅब भारतीय लिप्यांच्या दृष्टीने जन्मतःच जुना होता. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते 'आकाश २' आला, त्यात ही उणीव भरून निघाली. पवईच्या मंडळींनी त्यासाठी मन लावून काम केले, शिक्षकांची प्रशिक्षणे घेतली, हे नोंदवलेच पाहिजे. पण २०१५ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. वाटून झालेल्या टॅबचे पुढे काय, त्यांना अपडेट कोण देणार, हे प्रश्न अनाथ राहिले.

त्याच २०१५ साली मुंबई महापालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब देण्यास सुरुवात केली. दप्तराचे ओझे कमी करण्याचा हेतू स्तुत्यच होता. पहिल्या खेपेला वीस हजारांहून अधिक टॅब वाटले गेले. २०१७ मध्ये राज्य मंडळाचा नववीचा अभ्यासक्रम बदलला, २०१८ मध्ये आठवीचा आणि दहावीचा. छापील पुस्तक बदलले की बालभारतीचे नवे पुस्तक मुलाच्या हाती येते. टॅबमधला अभ्यासक्रम बदलायचा तर प्रस्ताव, मंजुरी, कंत्राट आणि ते पुरे करणारा कंत्राटदार लागतो. बंद पडलेल्या, दुरुस्तीवाचून पडून राहिलेल्या टॅबच्या तक्रारी पुढे वर्तमानपत्रांतून येत राहिल्या. मग नव्या खरेदीचे प्रस्ताव आले. २०१५ साली आठवीत असलेली ती मुले आता पदवीधर झाली असतील, काही एम.ए.ही झाली असतील. त्यांच्या हातातून गेलेले पुस्तक धाकट्या भावंडाला उपयोगी पडले असते. टॅब पडला का?

राजकीय पक्षांच्या भांडणात मला शिरायचे नाही. टॅब कोणी वाटले, कोणी अडवले, हा वाद त्या त्या वेळी झाला. माझा प्रश्न एवढाच आहे, की खरेदीच्या कागदपत्रांत पडद्याचा आकार, मेमरी, बॅटरी यांचे तपशील बारकाईने लिहिणाऱ्या आपल्या संस्थांना 'या तारखेपर्यंत अपडेट मिळतील' हे एक वाक्य लिहून घ्यावेसे का वाटत नाही? वह्या घेताना आपण कागदाचे वजन विचारतो.

इथे कोणी म्हणेल, हा सगळा ग्राहकहक्कांचा विषय आहे, मराठीच्या व्यासपीठावर तो कशाला? त्याचे उत्तर देवनागरीच्या घडणीत आहे. जुन्या टॅबवर इंग्रजी वाचणाऱ्याला निदान अक्षरे नीट दिसतात. कारण ए, बी, सी एकापुढे एक मांडली की काम भागते. आपल्या लिपीचे तसे नाही. 'किती' या शब्दातली पहिली वेलांटी उच्चारात आणि संगणकाच्या स्मृतीत 'क'नंतर येते, पण डोळ्यांना ती 'क'च्या आधी दिसावी लागते. 'कीर्ती'तला रफार आधी उच्चारायचा आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा. ही उलथापालथ ऑपरेटिंग सिस्टिममधील एक यंत्रणा करते. ती जुनी किंवा अपुरी असली की वेलांटी सुटी पडते, जोडाक्षर फुटते, अक्षराच्या जागी रिकामा चौकोन येतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक आपण पहिल्या वर्षाच्या मुलांना हसत हसत शिकवतो. तो पडद्यावर दिसण्यासाठीसुद्धा यंत्रणेला मराठीची ओळख असावी लागते.

त्यातही मराठीचे खास असे जे काही आहे, ते रांगेत नेहमी मागे असते. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या फाँटांत ते नाही. 'ॲप' हा शब्दच जुन्या यंत्रावर चौकोनापासून सुरू होतो, यातला विनोद कडू आहे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी निर्णय काढून मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे प्रमाणित केली, १० नोव्हेंबर २०२२ रोजी पुन्हा नवा निर्णय काढला. 'ल' पाकळीचा हवा, 'श' देठाचा हवा, हे त्यांत ठरले. उत्तम. पण शासननिर्णय कागदावर निघतो आणि अक्षर पडद्यावर उमटते ते फाँटमधून, आणि तो फाँट टॅबमध्ये येतो अपडेटमधून. अपडेट थांबले की त्या पडद्यापुरती मराठी लिपी त्या दिवशी गोठते. सुधारणा होत राहतात, पण जुना टॅब वापरणाऱ्यापर्यंत त्या येत नाहीत. म्हणूनच सपोर्ट संपवण्याची किंमत मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा जास्त मोजतो, आणि मराठी वाचकांतही ज्याला दर तीन वर्षांनी नवे यंत्र परवडत नाही तो सर्वांत जास्त मोजतो. महापालिकेच्या शाळेतला विद्यार्थी हा त्यातलाच आहे.

समोरच्या बाजूचे दोन युक्तिवाद गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला सुरक्षिततेचा : जुने सॉफ्टवेअर धोकादायक असते, म्हणून ते वापरू नये. हे खरे आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. धोका दुरुस्त करण्याचे काम ज्याचे, त्याने ते थांबवायचे आणि मग धोका आहे म्हणून वस्तू टाकायला सांगायची, हे म्हणजे इमारतीची डागडुजी बंद करून नंतर ती मोडकळीस आल्याची नोटीस रहिवाशांच्या हाती ठेवण्यासारखे आहे. उपनगरांतल्या वाचकांना या प्रकाराची ओळख निराळी करून द्यायला नको. दुसरा युक्तिवाद खर्चाचा : सहा-सात हजारांच्या टॅबला वर्षानुवर्षे अपडेट देणे परवडत नाही. परवडत नसेल, तर तसे विक्रीच्या वेळी सांगावे, म्हणजे घेणारा त्या हिशेबाने घेईल. आणि ज्या दिवशी आपण हात वर करू, त्या दिवशी कुलपाची किल्ली मालकाच्या हवाली करावी. वस्तूची जबाबदारीही घ्यायची नाही आणि वस्तूवरचा ताबाही सोडायचा नाही, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

जगात या दिशेने काही घडते आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून जालाशी जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना सुरक्षा-अपडेट किमान किती काळ मिळतील, हे जाहीर करणे सक्तीचे झाले. युरोपीय संघाचे फोन आणि टॅब्लेटविषयीचे नियम २० जून २०२५ पासून लागू झाले. त्यांत विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग यांची अपेक्षा आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टलही सुरू केले. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम अमलात आले. त्यांचा रोख मात्र वस्तू भंगारात गेल्यानंतरच्या प्रवासावर आहे. चालती वस्तू भंगारात का गेली, हा प्रश्न साकीनाक्याच्या भंगारवाल्याला विचारण्यात अर्थ नाही.

'मोडीही मागे पडली, काळ कोणासाठी थांबत नाही', असे एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले. दाखला वजनदार आहे, म्हणून तो तपासू. मोडीतला कागद आज बहुतेकांना वाचता येत नाही हे खरे. पण कोणी मोडी शिकले तर तो कागद वाचू देतो, आडकाठी करत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ आणि इतर सांकेतिक लिप्यांत कोंडून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या उकलल्या, आणि मराठी गद्याचा आरंभच आपल्याला नव्याने दिसला. लिपी सांकेतिक होती, तरी पोथी अभ्यासकाच्या हातात होती. उद्याच्या राजवाड्यांसमोर असेल एक काळा पडदा, आणि त्याचे उत्तर ज्या सर्व्हरकडे आहे तो सर्व्हर केव्हाच बंद झालेला असेल. मुलुंडची वेस ओलांडली की ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिथल्या जुन्या पुस्तकाला कसर लागते, त्याची पाने पिवळी पडतात. पण ते वाचकाला तुमच्याशी सुसंगत नाही असे सांगत नाही.

यात आपण निव्वळ बळी आहोत असेही नाही. युनिकोड रुळण्याआधी आपण आपले प्रबंध, लेख, अंकच्या अंक नाना प्रकारच्या फाँटांत टंकले. प्रत्येक फाँटाची अक्षरयोजना वेगळी. आज त्या फाइली उघडल्या तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. माझ्या स्वतःच्या एम.फिल.च्या प्रबंधिकेची फाइल अशीच आहे. छापील प्रत आहे म्हणून मी तो लिहिला होता असे म्हणता येते. त्या अनुभवातून आपण काही शिकलो का? नाही. आता आपण विशिष्ट ॲपमध्येच उघडणारी पुस्तके विभागासाठी घेतो आणि 'डिजिटल ग्रंथालय' म्हणून मूल्यांकनाच्या अहवालात त्यांचे फोटो लावतो. याउलट महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके साध्या पीडीएफच्या रूपात खुली केली आहेत. पीडीएफमध्ये फाँट आतच बांधलेला असतो, त्यामुळे ती आमच्या कपाटातल्या टॅबवरही पेन ड्राइव्हने चढवून वाचता येतात. त्या पाच टॅबवर अखेर आम्ही तेच केले.

तेव्हा विभागांच्या बैठकांत, ग्रंथालय समित्यांत, अभ्यासमंडळांत जे शिक्षक बसतात, त्यांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. खरेदीच्या प्रत्येक कागदावर अपडेटची अखेरची तारीख लिहून घ्यावी. जो लिहून देणार नाही त्याचा माल, दर कितीही कमी असला तरी, स्वस्त मानू नये. सपोर्ट संपवताना उपकरणाचे कुलूप उघडून देण्याची अट घालावी. आणि मराठी मजकूर घ्यायचा तो युनिकोडमध्ये, कोणत्याही वाचकयंत्रात उघडेल अशा खुल्या रूपातच घ्यावा. यांतल्या एकाही गोष्टीला तंत्रज्ञ व्हावे लागत नाही. करारातले वाक्य नीट वाचता आले की पुरे, आणि ते तर आपले कामच आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. आपण पेढे वाटले, परिसंवाद घेतले. पुढच्या निधीतून टॅब घेण्याच्या सूचना आमच्याही विभागात आल्या आहेत. दीड-दोन हजार वर्षांचा वारसा सांगणाऱ्या भाषेची पुस्तके ज्या यंत्रावर ठेवायची, ते यंत्र किती वर्षे चालू दिले जाणार आहे, हे मी त्या बैठकीत विचारले. विक्रेत्याच्या प्रतिनिधीने माहितीपत्रक चाळले आणि म्हणाला, "सर, तसे काही लिहिलेले नाही." मी त्याला ते लिहून आणायला सांगितले आहे. तोवर सही करणार नाही.